गौरीचं नाव आधी घ्या

गेली तीन वर्षं आमच्या मंडळाच्या संपादकबाई दिवाळी अंकासाठी माझ्या मागे लागल्या आहेत आणि मी त्यांना हुलकावणी देत आले आहे. कारण माझं मराठी. आमचं घराणं बंगळुरात नेमकं कधी आलं ते घरातल्या कुणालाच धड सांगता येत नाही. आजोबा 'पुष्कळ पिढ्या झाल्या' एवढं म्हणून विषय संपवत. घरात मराठी, चिकपेटेतल्या कापडदुकानात कानडी, भांडण दोन्हींत, अशी आमची वाटणी. पुण्याची माझी जाऊ अजून मला बोलतं करून हसून घेते. पण यंदा कपाट आवरताना माझं जुनं स्टॉपवॉच हाती लागलं, आणि म्हटलं, हसणाऱ्यांना हसू दे, ही गोष्ट लिहून टाकू.

माझं काम बाहेरच्या माणसाला समजावणं ही एक पंचाईतच. मी शिक्षिका आहे म्हटलं की लोक विचारत, विषय कोणता? मी म्हणे, जी मुलं इतरांसारखी ऐकत नाहीत, बोलत नाहीत, चालत नाहीत किंवा सावकाश शिकतात, त्यांच्या होणाऱ्या शिक्षिकांना मी शिकवते. यावर बहुतेक जण 'वा, पुण्याचं काम' म्हणून दुसरा विषय काढत. 'पुण्य' या शब्दाचा मला राग येई. सुतार खुर्ची करतो तेव्हा त्याला कुणी पुण्यवान म्हणत नाही, खुर्ची डुगडुगते का ते बघतात. आमचंही काम तसंच, बघून-तपासून करायचं.

नव्वदच्या दशकात आमचं केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा, सरावाला येणारी काही मुलं आणि दरसाल पंचवीस शिकाऊ मुली. अभ्यासक्रम एक वर्षाचा. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला एकच काम देई: स्टीलच्या लोट्यातली कॉफी दवऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, ओतून प्यायची, आणि ती कशी प्यायलात त्याच्या पायऱ्या लिहायच्या. मुली चार-पाच ओळी लिहून पेन खाली ठेवत. मग मी त्यांच्या हातांवर जाड लोकरी मोजे चढवी आणि म्हणे, आता प्या. कॉफी साडीवर सांडली की त्यांना कळे की लोटा 'उचलणं' या एका शब्दात किती कामं लपलेली असतात. संध्याकाळपर्यंत कुणाच्या वीस पायऱ्या होत, कुणाच्या तीस. एक मोठं काम असं बारीक बारीक तोडून, एकेक तुकडा मुलाच्या हाती द्यायचा, हे आमच्या धंद्याचं मर्म. त्यात मी पटाईत होते, हे सांगताना मला लाज वाटत नाही.

दुसरं माझं शस्त्र म्हणजे हे स्टॉपवॉच. मुलाला प्रश्न विचारायचा, बटण दाबायचं, पाच सेकंद थांबायचं. उत्तर आलं नाही तर तक्त्यात लिहायचं: प्रतिसाद नाही. मग मदत करायची आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. गळ्यात ते अडकवून मी व्हरांड्यातून निघाले की मुली आवाज खाली करत. माझ्या माघारी त्या मला 'पाच सेकंद मिस' म्हणत, हे मला शिपायाकडून कळलं होतं आणि आवडलंही होतं.

एका साली बंगळुरालगतच्या येलहंक्याहून एक मुलगी आली, रेणुका. घरी मराठी बोलणारी, पण शिक्षण सगळं कानडीतलं. आमचं शिकवणं इंग्रजीतून, त्यामुळे ती पहिल्या चाचणीत नापास, दुसऱ्या चाचणीतही नापास. वर्गात तोंड उघडत नसे. काही विचारलं तर आधी छताकडे बघे, मग पायाकडे, मग उत्तर देई, तोवर मी दुसरीला विचारलेलं असे. मी मराठी आहे हे कळल्यावर ती एकटी असताना मला अक्का म्हणायला लागली. मला ते रुचलं नव्हतं. बाईंना मिस म्हणायचं, नाती घरी ठेवायची, असं मी तिला सुनावलंही. 'सरी, अक्का,' म्हणाली, म्हणजे 'बरं', आणि पुन्हा अक्काच. 

आणि गौरी. गौरी चिकपेटेतल्या एका मराठी शिंप्याची मुलगी, दहा वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. हातपाय मनासारखे वळत नसत, मान एका बाजूला ओढली जाई, आणि शब्द फार सावकाश येत. पण बुद्धीला तिच्या काही झालं नव्हतं. वडिलांच्या दुकानात बसल्या बसल्या ती कुणाच्या ब्लाउजला कोणती बटणं लागणार ते डोळ्यांनी दाखवी, आणि चुकत नसे. आमच्या केंद्रात दोन वर्षं शिकून ती वाचायला लागली होती. आता तिला तिच्या घराजवळच्या साध्या कानडी शाळेत, चारचौघींसारखं बसवायचं होतं. 'समावेशक शिक्षण' हा शब्द तेव्हा आमच्या कानावर नुकता पडायला लागला होता. मुलाला शाळेजोगं करायचं हा जुना विचार डावीकडे, शाळेला मुलाजोगं करायचं हा नवा उजवीकडे, असं मी फळ्याचे दोन भाग करून मोठ्या ऐटीत शिकवत असे. शिकवत असे एवढंच.

त्या शाळेचे हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. पण नियमाचे पक्के. पूर्वी कधीतरी मुलांनी एकमेकांच्या हजेऱ्या लावून त्यांना अडचणीत आणलं होतं, तेव्हापासून त्यांचा दंडक होता: ज्याचं नाव त्याचाच आवाज. आवाज नाही तर हजेरी नाही. गौरीला त्यांनी एक महिना मुदत दिली. म्हणाले, नाव घेतल्यावर ओ देण्याइतकं तरी यायला हवं, नाहीतर ती नुसती बाकावर ठेवल्यासारखी होईल, आणि ते तुम्हालाही आवडणार नाही. महिन्याच्या शेवटी हजेरीपुस्तक जे सांगेल ते मी मानीन.

मला ही अट सोपी वाटली. एक शब्द तर म्हणायचा: हाजर.

पण झालं काय, की वर्गशिक्षिका शांतम्मा मिस त्रेचाळीस नावं भराभर वाचत. 'गौरी' म्हणून त्या क्षणभर थांबत. गौरीची मान ताणली जाई, एक हात वर उचलला जाई, ओठ हलत, आणि तोवर मिस दोन-तीन नावं पुढे गेलेल्या असत. मग भलत्याच मुलीच्या नावावर गौरीचा 'हा...जर' येई आणि वर्ग हसे. चौथ्या दिवसापासून तिनं प्रयत्नच सोडला. पहिल्या बाकावर, दोन वेण्या घालून, पाटी मांडीवर घेऊन ती रोज बसलेली, आणि हजेरीपुस्तकात रोज गैरहजर. शांतम्मा मिसना वाईट वाटे. पण एकीला सूट दिली तर उद्या बेचाळीस जणी मागतील, असं त्या म्हणत.

मी काम हाती घेतलं. सरावासाठी रेणुकाला नेमलं, कारण दुसऱ्या कुणाला चिकपेटेची गर्दी तुडवत जायचं नव्हतं. योजना माझी. रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटं गौरीचं नाव घ्यायचं, स्टॉपवॉच लावायचं, वेळ लिहायची. पहिल्या दिवशी सात सेकंद लागले. तीनवर आणायचे होते. रेणुका इमानाने रोज आकडे लिहून आणी: आठ. नऊ. नऊ. अकरा. मी तिच्यावर चिडले. नीट सराव घेत नाहीस, पाठाची तयारी नाही, असं पुष्कळ बोलले. अशा मुलांना घाई केली की स्नायू आणखी आवळतात आणि शब्द आणखी अडतो, हे मी स्वतः शिकवत होते. त्यावर परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न घालत होते. तरी त्या आकड्यांत मला रेणुकाचा आळस दिसला.

तिसऱ्या आठवड्यात मी न सांगता पाठ बघायला गेले. शाळेच्या मागच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या. स्टॉपवॉच रेणुकाच्या पिशवीत. तिनं 'गौरी' म्हटलं आणि गौरीकडे न बघता मांडीवरच्या डब्यातली बटणं निवडायला लागली. लाल एकीकडे, पांढरी एकीकडे. काही बोलली नाही, मदत केली नाही, शाबासकी नाही. बऱ्याच वेळानं गौरीचा 'हाजर' आला. 'हं,' म्हणाली, आणि पुन्हा बटणं. मी उभ्या उभ्या तिच्या पाठवहीत लाल पेनानं लिहिलं: पाठादरम्यान शिक्षिकेने काहीही केले नाही. उद्दिष्ट चुकीचे. पाठ अमान्य.

दुसऱ्या दिवशी तिला खोलीत बोलावलं. हा अभ्यासक्रम तुला झेपत नाहीसं दिसतंय, घरच्यांशी बोल, असं सांगायचं मी ठरवून बसले होते, आणि तसं सांगितलंही. ती छताकडे बघत राहिली, मग पायाकडे. मी टेबलावर बोटं वाजवत होते. पण उठून दार उघडण्याआधी, का कोण जाणे, मी थांबले.

"अक्का," ती म्हणाली, "आमचे अण्णा रेल्वेच्या गेटावर असतात. येलहंक्याला. गाडी दिसली की गेट लावत नाहीत ते. स्टेशनातून फोन आला की लावतात. गाडी यायला वेळ लागतो, म्हणून गेट आधी. गाडीला कुणी पळ म्हणत नाही."

मी म्हटलं, मग?

"गौरीचं नाव आधी घेतलं तर? सगळ्यांच्या आधी. मग मिसनी बाकीची नावं वाचत राहायची. ती येते तिच्या वेळेला. मी मोजलं, अक्का. कुणी बघत नसलं तर ती येतेच."

 मी म्हणाले, हजेरीपुस्तक हा त्यांचा विषय आहे, आपला विषय मूल आहे. म्हणजे फळ्याचा डावा भाग. उजवा भाग ज्या मुलीला कळला होता, तिला मी घरी पाठवायला निघाले होते.

रेणुकानं वाद घातला नाही. 'सरी' म्हणून गेली, आणि तिथून तडक शाळेत जाऊन शांतम्मा मिसना भेटली. हे मला नंतर कळलं. मिस म्हणाल्या, "नोडोणा," म्हणजे बघू या. मुदतीचे आठ दिवस उरले होते.

मिस तिचं नाव आधी घेऊ लागल्या, आणि त्या आठ दिवसांपैकी सहा दिवस गौरी हजर लागली. पण आधीचे गैरहजेरीचे दिवस होतेच, आणि हेडमास्तरांना हा प्रकार माहीत नव्हता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी शांतम्मा मिसना बाजूला बसवलं आणि हजेरी स्वतः घेणार म्हणाले. मी आणि रेणुका मागच्या भिंतीशी उभ्या. कुणी खुणा करायच्या नाहीत, असं त्यांनी आम्हाला आधीच बजावलं होतं. गौरीचे वडील गळ्यात टेप तसाच ठेवून दारात आले होते. मुलगी आज घरी परतली तर पुन्हा कुठलीच शाळा तिला दारात उभं करणार नाही, हे त्या गृहस्थाला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

हेडमास्तरांनी पुस्तक उघडलं आणि रीतीप्रमाणे पहिलं नाव वाचलं. अनसूया.

अनसूया समोरच बसली होती. तेल लावून चप्प बसवलेले केस, नाकात चमकी. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ओ दिली नाही.

त्यांनी पुन्हा वाचलं. ती गप्प. दुसरं नाव वाचलं, तीही गप्प. तिसरं, चौथं. त्रेचाळीस मुली बसलेल्या आणि वर्गात एकीचाही आवाज नाही. हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. मी रेणुकाकडे बघितलं, तिनं मान हलवली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. शांतम्मा मिसही गोंधळल्या होत्या. हे मुलींना कुणी शिकवलं नव्हतं. चष्मा काढून हेडमास्तर म्हणाले, हा काय तमाशा आहे? तेव्हा अनसूया उभी राहिली.

"मोदलु गौरी, सार," ती म्हणाली. आधी गौरी.

 मग बोट पुस्तकावरून खाली नेत त्यांनी वाचलं, गौरी. आणि पेन उचलून तिच्याकडे बघत थांबले. गौरीची मान ओढली गेली, हात वर गेला, ओठ पांढरे पडले. ते बघताहेत तोवर काही होणार नाही, हे मला कळत होतं आणि बोलायची सोय नव्हती. अनसूया अजून उभीच होती.

"मुंदे ओदी, सार. अवळु बर्ताळे." पुढे वाचा सर, ती येतेय.

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी देशोदेशीचे तज्ज्ञ ऐकले. नऊ-दहा वर्षांच्या त्या पोरीनं दोन वाक्यांत जे सांगितलं, ते त्यांतल्या कुणी मला इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

हेडमास्तरांनी नजर पुस्तकाकडे वळवली आणि वाचायला लागले. अनसूया, हाजर सार. इंदिरा, हाजर सार. मुली ओ देत होत्या, पण रोजच्यासारख्या ओरडून नाही. हलक्या आवाजात, आणि दोन नावांच्या मध्ये जराशी जागा सोडून. आधी मला वाटलं, घाबरल्या आहेत. मग लक्षात आलं, ती जागा गौरीसाठी होती. आपल्या आवाजाखाली तिचा आवाज दडपू नये म्हणून ही सगळी पोरं जपून बोलत होती.  

मंजुळाचं नाव आलं. तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण पहिल्या बाकावरून काहीतरी निघालं होतं.

"हा... जर."

सगळ्यांनी ते पुरतं होऊ दिलं. मग मंजुळा म्हणाली, "हाजर, सार."

कुणी टाळी वाजवली नाही. मुलींना त्यात विशेष काही वाटलंच नव्हतं. दारात गौरीचे वडील टेपचं एक टोक डोळ्यांना लावून उभे होते. हेडमास्तर उरलेली नावं वाचून मोकळे झाले, मग त्यांनी पुस्तकाची आधीची पानं उलटली. शांतम्मा मिसना विचारलं, ही मुलगी रोज वर्गात होती? मिस म्हणाल्या, एकही दिवस चुकली नाही. त्यांनी लाल शाईचं पेन मागितलं आणि त्या महिन्यातली गौरीपुढची गैरहजेरीची एकेक खूण खोडून, प्रत्येक खुणेशेजारी आपली सही केली. नियमाचा माणूस होता, चूकही नियमानं दुरुस्त करत होता.

केंद्रात परतल्यावर मी रेणुकाची पाठवही मागवली. माझा शेरा खोडून सही करायला मीही लाल पेन काढलं. तिनं वहीवर हात ठेवला.

"राहू दे, अक्का. पुढच्या बॅचला दाखवायला होईल."

ती हे खवचटपणे म्हणाली की साधेपणानं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण शेरा मी राहू दिला. पुढे दर वर्षी पहिल्या दिवशी, कॉफीचा खेळ झाला की मी ते पान वर्गात फिरवत असे. हे कुणी लिहिलं, असं मुली विचारत. मीच, म्हणून सांगे. रेणुका त्या साली काठावर पास झाली. आज ती येलहंक्याच्या एका शाळेत आहे, आणि तिच्याकडे सराव पाठाला मुली पाठवा म्हणून आमच्या केंद्रात भांडणं होतात.

आता उरलेलं सांगते, कारण ते न सांगता हे लिहिणं खोटं होईल. त्या संध्याकाळी मी केंद्रातले जुने तक्ते काढून बसले. आधीच्या सगळ्या वर्षांचे, माझ्या सुवाच्य अक्षरातले. पानामागून पान: प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही. पाच सेकंद थांबून मी पुढच्या प्रश्नाला लागले होते. त्यातल्या किती मुलांचं उत्तर तेव्हा निघालेलं होतं, वाटेत होतं, ते मला कधीच कळणार नाही. ती मुलं आता मोठी झाली, कुठे कुठे गेली. कुणाची माफी मागायची हेसुद्धा मला माहीत नाही. स्टॉपवॉच त्या दिवशी कपाटात गेलं ते परवा सापडलं.

गौरी भावाच्या बटणांच्या दुकानात बसते. दर दिवाळीला, पहिल्या दिवशी सकाळी तिचा फोन येतो. मी तो उचलून 'गौरी' म्हणते, कानाशी धरते आणि दुसऱ्या हातानं करंज्यांच्या कडा दुमडत बसते. नवीन सुनेनं पहिल्या वर्षी विचारलं होतं, आई, पलीकडे कुणी बोलत नाहीये का, ठेवून द्या ना.

मी तिला हातानंच थांब म्हटलं. येतेय ती.